चार वाजता एस्ट्रेलाच्या बागेत

माझी नणंद फेलिस्मिना हिला लिस्बन शहर पायांनी पाठ होतं. नवव्या वर्षापासून ती इस्त्रीच्या कामाला लागली आणि कपडे पोचवता पोचवता सगळ्या टेकड्या तिच्या पायांखालून गेल्या. कुठल्या जिन्याची कितवी पायरी सैल आहे, कुठल्या बोळात पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस निसरडं राहतं, ग्रासाच्या उतारावर कुठला ड्रायव्हर ब्रेक उशिरा दाबतो, हे तिला विचारावं. वाचता मात्र येत नव्हतं. ट्राम ती घंटेच्या आवाजावरून आणि कंडक्टरच्या मिशांवरून ओळखायची.

ग्रासाच्या चढाला रस्त्यालगत आमची एक मोठी खोली होती. पुढे इस्त्रीचं टेबल, मागे दोन लहान खोल्या. फेलिस्मिनाचा नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी क्षयाने गेला. तिचा धाकटा भाऊ ओर्लांदो, म्हणजे माझा नवरा, मालवाहू बोटीच्या भट्टीवर कामाला. महिन्यातले वीस दिवस तो समुद्रावर असायचा. त्यामुळे घरात आम्ही दोघीच. मी तिला ताई म्हणायची. मी सांगतेय ती गोष्ट एकोणीसशे त्रेसष्टच्या मार्च महिन्यातली. तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती, मी सव्वीस, आणि मला सहावा महिना लागला होता.

मागची एक खोली आम्ही अबिलियोला भाड्याने दिली होती. तो एका छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. तिशीचा, किडकिडीत, बोटांची टोकं कायम काळी. फेलिस्मिनाला वाचता येत नाही हे कळल्यावर त्याने छापखान्यातले झिजलेले शिशाचे खिळे तंबाखूच्या डबीतून आणले आणि रविवारी दुपारी तिला अक्षरं शिकवायला बसला. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. त्यामुळे ती आधी सगळी अक्षरं उलटी शिकली आणि मग ट्रामवरची पाटी बघून म्हणाली, "ह्यांनी सगळं चुकीचं लिहिलंय!" अबिलियो हसता हसता खोकू लागला. पण वर्षभरात ती दुकानांच्या पाट्या वाचायला लागली. ही गोष्ट तिने आम्हा दोघांशिवाय कुणाला सांगितली नाही. तिला लाज वाटायची, एवढ्या उशिरा शिकल्याची.

अबिलियो कामाव्यतिरिक्त काय करतो हे आम्ही विचारत नव्हतो. हुकूमशाहीचा काळ, कुणी कुणाला विचारत नसे. सरकारविरुद्ध छापलेला एक कागद खिशात सापडला तरी माणूस वर्षानुवर्षं दिसेनासा व्हायचा. गुप्त पोलिसांचे कान कुठे असतील सांगता यायचं नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही दारात उन्हाला बसलो होतो. अबिलियो हळूच म्हणाला, "फेलिस्मिनाबाई, एक विनंती आहे."

"बटण तुटलं असेल तर झुल्मिराला सांग," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"बटणाचं नाही. एखाद्या गुरुवारी मी दुपारी जेवायला आलो नाही, तर तुम्ही चार वाजता एस्ट्रेलाच्या बागेत जाल का? बँडच्या मंडपाजवळ, तळ्याकडे तोंड केलेला बाक आहे. तिथे एक माणूस खारवलेले, वालासारखे पिवळे दाणे सोलत बसलेला असेल."

"मग?"

"त्याला ऐकू जाईल असं म्हणायचं, 'आज पाव संपला.' बस. त्याच्याकडे बघायचं नाही, थांबायचं नाही."

"आणि नाही गेले तर?"

"तर साडेचारला तो उठून एका घरी जाईल. तिथे आणखी माणसं आहेत. आणि मी जर पोलिसांच्या हातात असेन, तर मला कोण जाणे किती वेळ गप्प राहता येईल."

फेलिस्मिना उठून उभी राहिली. "हे बघ अबिलियो, मी इस्त्रीवाली बाई आहे. मला तुझ्या भानगडीत ओढू नकोस. ही पोर पोटुशी आहे, भाऊ समुद्रावर आहे. आम्हाला काही झालं तर कोण बघणार?"

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मी विचारलंच नाही असं समजा."

तिने हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. आत जाऊन निखारे फुंकत बसली.

मार्चमधल्या त्या गुरुवारी अबिलियोचं कोबीचं सूप ताटलीखाली झाकून ठेवलं होतं. तो साडेबाराच्या ठोक्याला यायचा. एक वाजला. फेलिस्मिना कॉलरवर इस्त्री फिरवत होती आणि प्रत्येक पावलाच्या आवाजाला तिचा हात थांबत होता. सव्वा वाजता पावलं आली, पण तीन माणसांची.

त्यांतला जो मोठा साहेब होता तो फार नम्र बोलत होता. "घाबरू नका बाई. खोली भाड्याने देणं हा काही गुन्हा नाही. तुमच्या भाडेकरूने जरा मूर्खपणा केलाय, एवढंच." तो बोलत होता आणि बाकीचे दोघे अबिलियोची गादी फाडत होते. मग ते पुढे आले. खळ घालून, घड्या करून ठेवलेली शर्टांची चळत त्यांनी जमिनीवर उलटी केली. एकाने त्यावर पाय देऊनच कपाटाला हात घातला. चार दिवसांचं काम होतं ते. फेलिस्मिनाच्या मानेवरची ताठलेली शीर मला दिसत होती.

साहेबाला तंबाखूची डबी सापडली. त्याने ती हलवली. "हे कशाला?"

मला वाटलं, संपलं सगळं.

"पडद्याच्या दुमडीत शिवायला," फेलिस्मिना म्हणाली. "ह्या टेकडीवर वारा फार. शिसं शिवलं की पडदे उडत नाहीत. त्याच्याकडेच मागितलं होतं."

साहेब हसला. "हुशार आहात." आणि डबी त्याने स्वतःच्या खिशात टाकली.

सव्वादोनला ते गेले. दोघे गेले म्हणजे. तिसरा, तपकिरी रेनकोटवाला, समोरच्या फरशीवाल्याच्या दुकानाच्या छपराखाली उभा राहिला आणि त्याने सिगरेट पेटवली.

फेलिस्मिनाने शर्ट उचलले. ज्यावर टाचेचा ठसा उमटला होता ते बाजूला काढले. उरलेले पांढऱ्या कापडात बांधून टोपलीत ठेवले, डोक्यावर चुंबळ ठेवली.

"ताई, आज नको," मी म्हटलं.

"गुरुवार आहे. गिऱ्हाइकं वाट बघत असतील. रोजच्यासारखी निघाले नाही तर त्या बाहेरच्याला कळेल, आपण घाबरलोय."

"तू एस्ट्रेलाला जाणार आहेस का?"

"मी शर्ट द्यायला जाणार आहे."

"खरं सांग."

"झुल्मिरा, तुला माहीत नसलेलं तुला कुणी विचारू शकत नाही. खिडकी लावून घे."

पुढे काय झालं ते तिने मला सलग कधीच सांगितलं नाही. इस्त्री करता करता, वर्षानुवर्षं, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मी ते जोडून सांगतेय.

घरातून निघताना तिचं ठरलं नव्हतं. आधी नोटरीच्या घरी, मग खाली आल्फामा वस्तीत जिन्यावर राहणाऱ्या, बंदरात जहाजांना वाट दाखवण्याचं काम केलेल्या म्हाताऱ्या वाटाड्याकडे, आणि मग परत घरी, एवढंच मनात होतं. बारीक पाऊस भुरभुरत होता. उतारावरचे पांढरे दगड साबण लावल्यासारखे झाले होते. ती ट्रामने न जाता मुद्दाम चालत निघाली. मागून नव्या चामडी बुटांचा आवाज येत होता. एका वळणावर तो बूट घसरला आणि कठडा धरल्याचा आवाज आला. तिने मागे पाहिलं नाही.

नोटरीच्या मोलकरणीने सहा शर्ट मोजून घेतले. तीन वाजायला दहा मिनिटं होती. फेलिस्मिना म्हणायची, "तोपर्यंत मला काही वाटत नव्हतं. मग मी त्या बाईच्या हातातले शर्ट बघितले आणि तो पाय आठवला. माझ्या शर्टांवर ठेवलेला. ज्या माणसांनी शर्टावर पाय ठेवताना खालीसुद्धा बघितलं नाही, ती अबिलियोला कशी वागवत असतील?"

तिने वेग वाढवला. वाटाड्याच्या घराला दोन दारं होती. आपल्या टेकड्यांवरच्या पुष्कळ घरांना असतात. खालचं दार जिन्यावर उघडतं, आणि तीन मजले चढून गेलं की वरचं दार ट्रामच्या रस्त्यावर. ती खालून आत शिरली. म्हातारा पाईप ओढत बसला होता.

"आज लवकर आलीस ग."

"हे शर्ट घ्या, आणि मला वरच्या दाराने जाऊ द्या. मागे एक माणूस लागलाय."

"प्रेमात पडलाय वाटतं?" म्हातारा हसला. मग तिचं तोंड बघून त्याने पाईप खाली ठेवला आणि काही न विचारता कडी काढली.

वरच्या रस्त्यावर पाच मिनिटांत ट्राम आली. ती चढली, खिडकीशी बसली. मोकळं झाल्यासारखं वाटलं. खाली बाजारपेठेत उतरून एस्ट्रेलाच्या ट्रामची वाट बघत उभी राहिली. तीन वीस. तीन पंचवीस. ट्राम येईना. शेवटी आली आणि ती बसली. घंटा वाजून ट्राम सुटली, तेवढ्यात कुणीतरी पळत येऊन मागच्या पायरीवर उडी घेतली. तपकिरी रेनकोट. धापा टाकत होता, गुडघ्याला चिखल लागला होता. वरच्या रस्त्याची ट्राम शेवटी कुठे उतरते हे त्यालाही ठाऊक होतं. तो जिन्यांनी सरळ खाली धावला होता.

तेव्हा तिला आपली चूक कळली. घरातून निघालेली इस्त्रीवाली शर्ट पोचवते आहे, एवढंच त्याने तोपर्यंत पाहिलं होतं. आता त्याला कळलं होतं की ही बाई कुणाला तरी चुकवते आहे.

ट्राम चढाला लागली. त्या रस्त्यावर गुप्त पोलिसांची इमारत होती. सगळ्या खिडक्या बंद असायच्या. ट्राम तिथून जाताना माणसं नेहमी बोलायची थांबत, कुणी ठरवल्यासारखी. त्या दिवशीही थांबली. चाकं तेवढी कुरकुरत होती. अबिलियो त्या भिंतीच्या पलीकडे कुठेतरी होता. फेलिस्मिना समोरच्या बाईच्या टोपीकडे बघत राहिली.

"अजून सुटता आलं असतं," ती मला म्हणाली होती. "पुढच्या चौकात उतरायचं, घरी यायचं. तो काय म्हणाला असता? काही नाही. मी उतरायचंच ठरवलं होतं." तेवढ्यात कंडक्टर आला.

"कुठे, बाई?"

"एस्ट्रेला," ती म्हणाली. मोठ्याने. स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. मागच्या माणसानेही तो ऐकला.

चौक ओलांडून ट्राम थोडी पुढे गेली आणि थांबली. कुणीतरी रुळांवर गाडी लावून गेलं होतं. ड्रायव्हर घंटा बडवत होता, आजूबाजूच्या खिडक्यांमधून बायका त्याला शिव्या देत होत्या, चार गडी उतरून गाडी ढकलायला लागले. गाडी हलेना. तीन चाळीस. फेलिस्मिना उतरली आणि टोपली डोक्यावर घेऊन चालू लागली. आधी मोठा उतार, मग एस्ट्रेलाचा उभा चढ. त्या चढावर धडधाकट माणूससुद्धा दोनदा थांबतो.

निम्म्या चढावर मागून आवाज आला. "अहो बाई! जरा हळू!"

ती थांबली नाही. तो तिच्या बाजूला येऊन चालू लागला. आता लपण्याची त्याला गरज वाटत नव्हती. चेहरा लालबुंद झाला होता. जवळून पाहिलं तर तिशीचासुद्धा नव्हता.

"एवढी घाई कसली?"

"खळ आहे साहेब. दमट हवेत शर्ट लोळागोळा होतात."

"किती शर्ट राहिलेत?"

"दोन."

"कुणाचे?"

एस्ट्रेलाला तिचं एकही गिऱ्हाईक नव्हतं. एक होतं, बागेपलीकडे राहणारा एक निवृत्त कर्नल, पण तो मागच्या नाताळात वारला होता. दुसरं नाव सुचेना. "कर्नलसाहेबांचे," ती म्हणाली. "बागेच्या पलीकडे."

"मीही तिकडेच निघालोय. सोबत होईल. टोपली देता का?"

"नको. सवय आहे."

मग दोघं शेजारी शेजारी चढ चढली. तो विचारत होता, नवरा काय करतो, मुलं किती, वहिनीला कितवा महिना. "सहावा," ती म्हणाली.

"जपा तिला," तो म्हणाला.

बागेत शिरताना घड्याळाने चार वाजून दोन मिनिटं दाखवली. मंडप दिसला. तळ्यातली बदकं दिसली. बाक दिसला आणि बाकावर माणूस. तिने चेहरा पाहिला नाही, हात तेवढे पाहिले. रुंद, शांत हात. बोटांनी दाणा दाबायचा, साल सुटली की बाजूला एका ओळीत ठेवायची. रेनकोटवाला तिच्या कोपराला लागून चालत होता.

नुसतं बोलत पुढे जायचं, असं अबिलियोने सांगितलं होतं. पण शेजारी माणूस असताना बाई आपल्याशीच कशी बोलणार? बाकापासून चार पावलांवर दाणे विकणारी एक जाडजूड बाई बसली होती. फेलिस्मिना सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पाव आहे का ग?"

"आंधळी आहेस का? दाणे विकते मी. पाव कुठे दिसला तुला?"

"सकाळपासून वणवण हिंडतेय! ग्रासापासून इथपर्यंत! जिथे जावं तिथे एकच तुणतुणं. आज पाव संपला!"

"ओरडतेस कशाला? बहिरी नाही मी."

"ओरडू नको तर काय करू? आज पाव संपला म्हणे! गुरुवारी कधी पाव संपतो?"

"मग दाणे घे आणि खा. तोंड तरी बंद राहील."

रेनकोटवाला हसला. अगदी मनापासून. "घ्या बाई, घ्या. ह्यांच्याशी भांडून काही मिळायचं नाही."

फेलिस्मिनाच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात ते हात होते. ते थांबले होते. मग पुन्हा हलले. एक दाणा सोलला, तोंडात टाकला, साल ओळीत ठेवली. पुडीचं तोंड नीट दुमडलं. माणूस उठला, कोट झटकला आणि तळ्याच्या बाजूने निघाला, जेवण झालेला माणूस शतपावली करायला जातो तसा. विकणारी बाई पुडी बांधत होती. ती बांधून होईपर्यंत बाकावर सालं तेवढी उरली होती.

"चला," रेनकोटवाला म्हणाला. "कर्नलसाहेब वाट बघत असतील."

दार एका मोलकरणीने उघडलं. "कर्नलसाहेब? ते नाताळातच गेले हो. तुम्हाला माहीत नाही? तुम्हीच तर त्यांचा शेवटचा शर्ट..." ती बोलायची थांबली.

त्याने फेलिस्मिनाचा दंड धरला. जोरात नाही. "आता आपल्याला परत ट्राम घ्यावी लागेल, बाई."

परतीची दोन्ही तिकिटं त्यानेच काढली. त्या बंद खिडक्यांच्या इमारतीसमोर ट्राम थांबवून दोघं उतरली. ट्राममधल्या कुणीही मान वर केली नाही.

नऊ दिवस तिला आत ठेवलं. मारलं नाही. उभं केलं. भिंतीपासून हातभर अंतरावर, टेकायचं नाही, बसायचं नाही, झोपायचं नाही. पाय सुजून बूट फाटले. "त्यांना वाटलं बाई आहे, एका रात्रीत बसेल," ती म्हणायची. "मी नऊ वर्षांची असल्यापासून उभीच आहे." चौथ्या दिवशी तिला भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, नसलेल्या. पण तोंडातून एकच निघत होतं. शर्ट द्यायला गेले होते, कर्नल गेल्याचं विसरले, मागे माणूस लागला म्हणून घाबरून वरच्या दाराने निघाले. खोटं त्यात एवढुसंच होतं.

आठव्या दिवशी त्या नम्र साहेबाने एक कागद पुढे केला. "हे तुम्ही सांगितलेलंच लिहिलंय. इथे अंगठा लावा आणि घरी जा. वहिनी वाट बघत असेल."

तिच्या ओळखपत्रावर अंगठाच होता. तिने कागद बघितला. अक्षरं हलत होती. तिने एकेक धरून ठेवली. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की अबिलियोने तिला कागद पोचवायला दिले होते.

"हे मी बोलले नाही," ती म्हणाली.

साहेबाने कागद मागे ओढला. "तुम्हाला वाचता येतं?"

"थोडं."

"कुणी शिकवलं?"

"ट्रामच्या पाट्यांनी."

तिने अंगठा लावला नाही. आणखी एक दिवस उभं केलं आणि शनिवारी सकाळी सोडून दिलं. त्यांच्या हाती दुसरं काही लागलंच नव्हतं. पायात बूट जात नव्हते म्हणून फडकी गुंडाळून ती ट्राममध्ये चढली. कंडक्टरने तिकीट मागितलं नाही. दोन बायका न बोलता उठल्या आणि पूर्ण बाक तिला मोकळा करून दिला. मी दार उघडलं तेव्हा मी तिला ओळखलं नाही, आणि तिने पहिलं विचारलं, "पोर हलतंय ना?"

नोटरीच्या घरून निरोप आला, पुन्हा येऊ नका. आणखी तीन घरं तुटली. वाटाड्या म्हातारा मात्र स्वतः शर्ट घेऊन तीन जिने चढून आला आणि म्हणाला, "मी ह्यापुढे दिवसाला दोन शर्ट घालणार आहे. डॉक्टरांनी सांगितलंय." जुलैमध्ये मला मुलगी झाली. फेलिस्मिनाचे पाय पूर्ण बरे झाले नाहीत. ती उंच स्टुलावर बसून इस्त्री करायची आणि कपडे पोचवायला मी जायची. चढांवर मला दम लागायचा तेव्हा मला तिचा तो दिवस आठवायचा आणि मी मागे वळून बघायची. बरीच वर्षं बघायची.

अबिलियोला चार वर्षांची शिक्षा झाली, समुद्रकाठच्या किल्ल्यातल्या तुरुंगात. सुटल्यावर तो आमच्याकडे राहायला आला नाही. "तुमच्या दारावर पुन्हा नजर नको," म्हणाला. एकदाच आला, एका रविवारी. डोक्यावर केस उरले नव्हते.

"तुम्ही गेला होतात?" त्याने विचारलं.

"गेले होते."

"मी तिसऱ्या दिवशी घराचा पत्ता सांगितला, फेलिस्मिनाबाई. मला सहन झालं नाही. ते तिथे पोचले तेव्हा घर रिकामं होतं. चूलसुद्धा गार."

त्याने मान खाली घातली. तिने स्टुलावरून हात लांब करून त्याच्या डोक्यावर ठेवला. "तीन दिवस म्हणजे पुष्कळ झाले रे," ती म्हणाली. "मी त्या माणसाचा चेहरा बघितला असता, तर तो सांगायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती."

चौऱ्याहत्तर साली हुकूमशाही राजवट पडली आणि लोक आपापल्या गोष्टी मोठ्याने सांगू लागले. त्या सुमारास एकापाठोपाठ एक असे दोन गृहस्थ आमच्याकडे आले. दोघांचंही म्हणणं, त्या बाकावर मीच होतो. फेलिस्मिनाने दोघांना कॉफी पाजली, समोर दाण्यांची बशी ठेवली आणि हात बघत बसली. एकाने सालासकट खाल्ले. दुसऱ्याने सालं बशीत थुंकली. दोघांनाही तिने आदराने निरोप दिला. खरा माणूस कोण होता, जिवंत होता की नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही. तिने चौकशीही केली नाही.

पंचाहत्तरच्या एप्रिलमध्ये पहिलं खुलं मतदान झालं. आधी अंगठेवाल्या बायकांना मत नसे; आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव यादीत होतं. शाळेबाहेरची रांग चढावरून वळून पार चर्चपर्यंत गेली होती. मी घरून स्टूल उचलून नेलं. लोक म्हणाले, "बाई, तुम्ही पुढे जा, तुमचे पाय असे." ती ऐकेना. रांग सरकली की उठायची, स्टूल दोन पावलं पुढे ठेवायची, बसायची. मागच्या तरुण पोरीने शेवटी स्टूल सरकवायचं काम आपल्याकडे घेतलं. तीन तास लागले. माझी मुलगी कंटाळून दोनदा घरी जाऊन आली.

ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "झालं, ताई?"

"झालं," ती म्हणाली. "चल आता. खाली बाजारात तळलेली मासळी मिळते का बघू, मला सपाटून भूक लागलीय."